माझ्या चेहऱ्याखालची अक्षरं

विनिपेग,
९ जानेवारी

प्रिय स्लाव्का,

तुला, गार्थला आणि तुमच्या त्या ऐतखाऊ बोक्याला आपल्या युक्रेनी नाताळच्या, सात जानेवारीच्या शुभेच्छा, दोन दिवस उशिराने. वादळाने रस्ता बंद झाला म्हणून तू आली नाहीस, हे आपल्या आईला, आपल्या मामाला, पटलेलं नाही. तिच्या मते ब्रँडनहून विनिपेगला यायला रस्ता नाही, इच्छा लागते. गहू, खसखस आणि मधाची खीर, आपली कुत्या, तिने नेहमीसारखी सगळ्यांना पुरेल एवढी केली होती. तुझा वाटा बाजूला काढून ठेवला होता. तो मी खाल्ला. सॉरी.

इकडे थंडीने कहर केलाय. इंजिन गोठू नये म्हणून सगळ्या गाड्या विजेच्या वायरी लावून भिंतीला बांधल्यासारख्या उभ्या आहेत. माझ्या चाकाच्या खुर्चीची बॅटरी अर्ध्या वाटेत मान टाकते, म्हणून या आठवड्यात मी फारशी बाहेर पडले नाही. थिएटरमधली तालीम तेवढी चालू आहे. मामाचा गुडघा ठीक आहे, जीभ तर अतिशयच ठीक आहे.

आता तू म्हणशील, एवढं लिहीत बसण्यापेक्षा फोन का नाही केला? अगं, फोनवर माझं वाक्य अर्ध्यात असतानाच तू ते पुरं करून टाकतेस. आणि तू पुरं केलेलं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा नेहमी जास्त सभ्य असतं! कागदावर तुला ते जमत नाही. एका बोटाने टाइप करते मी, वेळ लागतो, पण मधे कुणी घुसत नाही.

तर बातमी. नोव्हेंबरात तू आली होतीस तेव्हा आपण सिनेमातल्या ज्या भूमिकेसाठी व्हिडिओ केला होता ना, त्या लोकांचा फोन आला. मार्थाच्या भूमिकेसाठी. बाप गेल्यावर त्याचं गावातलं छोटं हॉटेल भावांना विकू न देणारी मार्था. तिलाही माझ्यासारखीच सेरेब्रल पाल्सी, माझ्यासारखंच जड बोलणं, माझ्यासारखाच वॉकर. तो भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वाटलं, कुणीतरी माझ्या स्वयंपाकघरात लपून बसून लिहिलंय.

तर भूमिका टोरांटोच्या एका नटीला दिली. आदेल नाव आहे. चांगली नटी आहे, उगाच कशाला वाईट बोलू. निवड करणारी बाई, जोसलिन, फोनवर फार गोड बोलली. म्हणाली, "ओरिसिया, तुझं काम आम्हाला मनापासून आवडलं. पण सिनेमाच्या प्रेक्षकांना तुझं बोलणं कळायला अवघड जाईल गं."

मी म्हटलं, ठीक आहे.

मग म्हणाली, "पण तुझी मदत हवी आहे. मार्थाचे सगळे संवाद तू तुझ्या आवाजात रेकॉर्ड करून देशील का? आदेल ऐकून ऐकून शिकेल. तिला अगदी तुझ्यासारखं बोलायचंय."

स्लाव्का, नीट वाच. माझ्यासारखं बोलणं लोकांना कळणार नाही म्हणून मी नको, आणि आदेलला माझ्यासारखंच बोलायचंय म्हणून मी हवी! तू दाताच्या दवाखान्यात काम करतेस, तूच सांग, हे कुठल्या दाढेने चावायचं? आदेल सध्या दातांत बाटलीचं बूच धरून सराव करतेय म्हणे. जोसलिनने हे मला कौतुकाने सांगितलं.

मी "विचार करते" एवढंच बोलून फोन ठेवला. पैसे बरे देतायत. श्रेयनामावलीत नावही घालतील, अगदी शेवटी, जेवण पुरवणाऱ्यांच्या जवळपास.

तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी लिही. मामाला सांगू नकोस. आणि जोसलिनला फोन करू नकोस. मी ओळखते तुला. करू नकोस.

तुझी,
प्ताश्का, तुमची चिमणी

---

विनिपेग,
१७ जानेवारी

प्रिय स्लाव्का,

पत्र मिळालं. गार्थची पाठ आता बरी असेल अशी आशा आहे. बर्फ उपसायचं मशीन घ्या म्हणावं एकदाचं, पुरुषार्थ फावड्यातच असतो असं थोडंच आहे. मामाने तुझ्यासाठी बटाट्याचं सारण भरलेले पेरोही करून फ्रीझरमध्ये ठेवलेत. यावेळी मी हात लावलेला नाही.

तू लिहिलंयस, "घे ते काम. निदान तुझा आवाज तरी पडद्यावर जाईल." वाचून मला हसू आलं, मग राग आला, मग मी शहराची अपंगांसाठीची व्हॅन बोलावली आणि थेट जोसलिनच्या ऑफिसात गेले.

ऑफिस जुन्या गोदामात आहे. दाराशी आठ-दहा पायऱ्या, दगडी, वर बर्फ. खालून फोन केला तर आतून एक मुलगी म्हणाली, मागच्या बाजूला सामानाची लिफ्ट आहे. मग मी आणि कोट अडकवलेले तीन रॅक असे एकत्र वर गेलो. खांदे फुगवलेला एक कोट सारखा माझ्या तोंडावर येत होता. अपंग बाईवरचा सिनेमा काढणाऱ्यांच्या दारात मी कोटांबरोबर पोचले, हे तिथे कुणाला गमतीचं वाटलं नाही. मला वाटलं.

जोसलिन समोर भेटल्यावर वाईट बाई वाटत नाही. इथल्याच फ्रेंच वस्तीतली, सेंट बोनिफेसची आहे, कॉफीत साखर न विचारता घालते. मी तिला सांगितलं, "रेकॉर्डिंग करणार नाही. आवाज हवा असेल तर त्याच्याबरोबर मीपण येईन. सुटा मिळणार नाही."

तिला पहिल्यांदा कळलं नाही. मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा कळलं. बघ, दोनदाच लागलं! आणि ती काही रोज माझ्याबरोबर राहत नाही.

मी विचारलं, मला समोर बोलावून एकदाही का ऐकलं नाहीत? ती म्हणाली, निर्णय व्हिडिओवरून झाला, आजकाल तसंच करतात. मग जरा घुटमळली. म्हणाली, "खरं सांगू? दिग्दर्शक कॉर्नीला तू आवडली होतीस. पण पैसे घालणाऱ्यांनी व्हिडिओ बघितला आणि ते म्हणाले, हिच्या घरच्यांनाच जर गरज वाटली, तर आपल्या प्रेक्षकांचं काय?"

मी म्हटलं, कसली गरज?

तर तिने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि व्हिडिओ लावला.

मामाने तुला लोकरीचे मोजे विणलेत, जांभळे. मला वाटतं तुला लहान होतील, पण तिला सांगायला मी गेले नाही. पेरोहींबरोबर पाठवीन. कुणी ब्रँडनला जाणारं असलं तर कळव.

नाही गं. मोज्यांचं राहू दे.

तू सबटायटल्स टाकलीस.

आपण बैठकीच्या खोलीत निळी चादर भिंतीला चिकटवली. फोन मामाच्या पाककृतींच्या पुस्तकांवर ठेवला. तू भावाचे संवाद वाचलेस, अगदी लाकडासारखे वाचलेस, तरी मी काही बोलले नाही. काम इतकं छान झालं की आपण दोघी नाचलो, म्हणजे तू नाचलीस आणि मी वॉकर आपटला. मग तू म्हणालीस, "मी घरी जाऊन फाइल नीट करून पाठवते, तू थकलीयस." आणि ब्रँडनला जाऊन तू माझ्या चेहऱ्याखाली पिवळी अक्षरं लावलीस, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. मला न विचारता!

मी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. जोसलिन बंद करायला निघाली होती, मी म्हटलं, राहू दे.

मार्था भावाला सही करणार की नाही ते सांगते ना, तिथे मी मुद्दाम थांबते. आठवतं? कागदाकडे बघते, पेन उचलते, त्याला वाटतं ही आता करणार, आणि मग मी म्हणते, "नाही." त्या थांबण्यावर मी आठवडाभर काम केलं होतं. तुझं "नाही" मी पेन उचलायच्या आधीच खाली येऊन बसलंय! सगळ्या जगाला कळलं, मी अजून पेनच शोधतेय. इथेही तू माझं वाक्य माझ्याआधी संपवलंस.

आणि पुढचं तर कपाळच. मार्था शेवटी भावाला म्हणते, "चालता हो, डुकरा." मी काय जीव तोडून म्हटलंय ते! खाली तू लिहिलंस, "कृपया तू आता जा."

कृपया? स्लाव्का, कृपया?

तुला फादर मिरोस्लाव आठवतात का? प्रत्येक रविवारी माझ्या डोक्यावर थापट्या मारायचे, कुत्र्याला मारतात तशा. मी नऊ वर्षांची असेन. मी त्यांना म्हटलं, "हात काढा, नाहीतर चावीन." त्यांनी तुझ्याकडे बघितलं, काय म्हणतेय ही? आणि तू म्हणालीस, "ती म्हणते, आशीर्वाद द्या." त्यांनी दोन्ही हात ठेवले!

हे आपण इतकी वर्षं हसत हसत सगळ्यांना सांगतो. मीपण सांगते. त्या ऑफिसात बसल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की त्या दिवशी मला खरंच चावायचं होतं.

मला तुझा भयंकर राग आला आहे. हे सौम्य करून वाचू नकोस. जसं लिहिलंय तसंच वाच.

मी जोसलिनला सांगितलं, मला एकदा समोर बोलवा, कॉर्नीसमोर. ती म्हणाली, आदेलशी करार जवळजवळ झालाय, काही उपयोग होणार नाही. मी म्हटलं, उपयोगाचं मी बघते, तुम्ही खोलीचं बघा. शेवटी "विचारते" म्हणाली. मी निघाले नाही. खुर्चीला ब्रेक लावला आणि म्हटलं, आत्ताच विचारा, मी थांबते. पुढच्या आठवड्यात गुरुवारी बोलावलंय.

तू येऊ नकोस. फोनही करू नकोस, त्यांनाही आणि मलाही.

ओरिसिया

---

विनिपेग,
५ फेब्रुवारी

प्रिय स्लाव्का,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं रागाचं, दुसरं रडण्याचं. पहिलं जास्त आवडलं. त्यात तू कुणासाठी काही गोड केलं नव्हतंस.

तू लिहिलंस, "मी प्रेमाने केलं." माहीत आहे गं मला. तू दुष्टपणे केलं असतंस तर मी तुझ्याशी बोलणं सोडलं असतं आणि सुखाने जगले असते. प्रेमाने केलंस हीच तर पंचाईत आहे. तू लिहिलंस, "लोक तुला हसू नयेत म्हणून." दुकानात, शाळेत, बसमध्ये तू सगळीकडे माझ्यापुढे उभी राहिलीस, आणि खरं सांगते, मला ते सोयीचंही होतं. डोनटच्या दुकानात रांगेतले लोक मागे सुस्कारे सोडायला लागले की मीच तुझ्याकडे बघायचे. आपल्या वडिलांच्या, तातोच्या, अंत्यविधीला मी बोलले आणि तू प्रत्येक वाक्य परत म्हटलंस, तेव्हा सगळे रडले. पण कुणाच्या वाक्यावर रडले, ते मला आजही कळलेलं नाही.

गुरुवारचं सांगते.

परत सामानाची लिफ्ट. यावेळी बरोबर रंगाचे डबे. कॉर्नी म्हणजे लांबलचक, शेतकऱ्यासारखे हात असलेला, विंकलर गावाकडचा, साध्या राहणीच्या मेनोनाइट पंथातला माणूस आहे. मला बघून उभा राहिला, मग मी बसलेली आहे हे बघून घाईने खाली बसला, मग हात पुढे करू की नको असं त्याचं झालं. मीच हात पुढे केला. माझा हात नेहमीप्रमाणे आधी भलतीकडे गेला, मग त्याच्या हातात गेला. म्हणाला, "सावकाश होऊ दे, घाई नाही." मी म्हटलं, मार्था सावकाश बोलत नाही, भाऊ विकायला निघालेत.

भावाचे संवाद जोसलिन वाचत होती. तुझ्याइतकंच वाईट. मी सुरू केलं. तीन-चार वाक्यं झाली आणि कॉर्नी मधेच बोलला, "काय?"

त्याने मुद्दाम नाही केलं. त्याला खरंच कळलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. जोसलिन थांबली. मी तुला खोटं सांगणार नाही, त्या क्षणी माझी मान आपोआप डावीकडे वळली. तिथे तू असतेस ना नेहमी. तिथे रिकामी खुर्ची होती आणि तिच्यावर कुणाचा तरी मफलर.

मग मी काय केलं माहितीये? थांबलेच नाही. मार्था म्हणूनच त्याच्याकडे वळले आणि तेच वाक्य परत म्हटलं, जास्त मोठ्याने, एकेक शब्द त्याच्या पुढ्यात ठेवत. "मी म्हटलं, हे माझ्या बापाचं हॉटेल आहे आणि सकाळचा नाश्ता मी करते." तो जागच्या जागी सरळ झाला, शाळेत उभं केल्यासारखा. मग मी भावाकडे वळून पुढे गेले. पेनपाशी थांबले. मनसोक्त थांबले! खोलीत कुणाला माहीत नव्हतं मी काय म्हणणार. अगं, काय मजा असते ती! मग म्हटलं, "नाही." आणि शेवटचं डुकराचं वाक्य म्हटलं तेव्हा जोसलिन चक्क खुर्चीत मागे सरकली. तिला प्रत्येक अक्षर कळलं होतं.

कॉर्नीने हातातल्या कागदाच्या समासात काहीतरी खरडलं. मग म्हणाला, "मी 'काय' म्हटलं, ते भावाने म्हणायला हवं."

मी म्हटलं, "भावाने म्हणावं, बँकवाल्याने म्हणावं, सगळ्यांनी म्हणावं. मला रोज विचारतात. मी रोज परत सांगते. त्यात काय मोठंसं?"

"आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा नाही कळलं तर?"

"तर तोही तुमच्यासारखा सरळ होऊन बसेल."

तो हसला, पण भूमिका काही दिली नाही. पैसे घालणाऱ्यांना मोठ्या नटीचं नाव हवं म्हणे, माझ्याकडे ते नाही. मी घरी आले. मामाने चेहरा बघून न विचारता सूप पुढे ठेवलं. आठवडाभर कुणाचा आवाज नाही. मी रोज जोसलिनला फोन केला, रोज. तिसऱ्या दिवशी पलीकडची मुलगी मला "हॅलो"वरूनच ओळखायला लागली. पाचव्या दिवशी तिला माझं सगळं कळायला लागलं. सातव्या दिवशी ती मला तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल सांगत होती.

मग आदेल गेली. नाही, तिला काही उपरती वगैरे झाली नाही. व्हँकूवरला तिला मालिका मिळाली, तारखा जमेनात. छान झालं. मला कुणाचे उपकार नको होते, वेळापत्रक चालेल. पैसेवाल्यांनी दुसरी तीन नावं काढली. कॉर्नी अडून बसला. म्हणाला, मी खोलीत होतो, तुम्ही नव्हता.

काल फोन आला. स्लाव्का, मार्था मी करतेय. मी!

मामाला सांगितलं तर ती म्हणाली, "मग आता केस तरी नीट काप." मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली. तिला वाटतं, नळ सोडला की ऐकू येत नाही.

पण थांब, आनंदाने गाडी काढू नकोस, पुढे आहे. पैसेवाल्यांनी अट घातली होती, माझ्या संवादांखाली सबटायटल्स. फक्त माझ्या. भाऊ तोंडात घास घेऊन पुटपुटतो, त्याच्याखाली नाहीत. मी म्हटलं, लावायची तर सगळ्यांखाली लावा, ज्याला हवी तो बघेल, ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही बरं. पण एकट्या माझ्याखाली नाही. जोसलिन म्हणाली, एवढ्यावरून हातचं घालवू नकोस, ओरिसिया. मी म्हटलं, हातचं कसं जातं ते मला शिकवू नका, माझ्या हातातून रोज कप जातात. आज दुपारी कॉर्नीचा निरोप आला. सगळ्यांना, नाहीतर कुणाला नाही. करारात तसं लिहून येतंय. मी वाचल्याशिवाय सही करणार नाही, आणि सही करायच्या आधी मनसोक्त थांबणार.

आता माझं तुझ्याकडे एक काम. मार्चमध्ये शूटिंग सुरू होतंय. भावाचं काम करणारा नट आधी येऊ शकत नाही, आणि मला तालमीला समोर कुणीतरी हवं. तू ये. शनिवारी रस्ता मोकळा असेल. भावाचे संवाद तू वाच. लाकडासारखे वाच, चालेल, त्याने मला नीट चिडता येतं. पण फक्त भावाचे वाच. मी अडखळले तर थांब. मी थांबले तरी थांब. पेरोही अजून फ्रीझरमध्ये आहेत, मोजे सोफ्यावर आहेत. मोजे लहान आहेत हे मामाला तूच सांग, आणि "कृपया" न म्हणता सांग.

आणि सिनेमा लागेल तेव्हा तू माझ्या शेजारी बसशील. अंधारात तुझ्या पलीकडचं कुणीतरी कुजबुजेल, "काय म्हणाली ती?" तुला माहीत असेल. तुझे ओठ हलायला लागतील, मी ओळखते तुला. तेव्हा माझा हात धर आणि गप्प बस. ते ऐकतील, किंवा पुढच्या वेळी आणखी नीट ऐकतील. आणि तुला स्वतःला काही कळलं नाही, तर मला विचार. मलाच विचार.

सगळ्यात शेवटी काळ्या पडद्यावर माझ्यासाठी एकच ओळ येईल. तेवढी मात्र तू मोठ्याने वाच, पलीकडच्याला ऐकू जाईल अशी. ती अशी असेल:

मार्था : ओरिसिया प्रिस्तुपा